चवळीत भुंगेऱ्याला प्रतिकार कसा शोधावा: गावरान बी गोळा करण्यापासून संकराच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत

चवळीच्या गावरान वाणांमध्ये साठवणुकीतील भुंगेऱ्याला प्रतिकार आहे का, हे तपासणारे विद्यार्थी आणि बियाणे जतन करणारे गट वर्षभर कष्ट करून एक-दोन वाणे ‘प्रतिकारक्षम’ म्हणून बाजूला काढतात आणि पुढच्या हंगामात तीच वाणे डब्यात इतरांइतकीच पोखरली जातात. अशा चाचण्यांच्या निकालांचे तक्ते माझ्याकडे वारंवार तपासायला येतात. त्यांतील चूक क्वचितच आकडेमोडीत असते. ती चाचणी सुरू होण्यापूर्वीच झालेली असते: अनेक झाडांचे बी एकत्र केलेले असते, बियाण्याला घरी राख लावलेली असते, भुंगेरे नेमके कोणत्या जातीचे आहेत हे पाहिलेले नसते, आणि उरलीसुरली कसर महिनाभरात चाचणी गुंडाळल्याने भरून निघते. म्हणून या लेखात तयारी आणि टप्प्यांचा क्रम यांवर अधिक भर आहे.

हा लेख फक्त साठवणुकीतील भुंगेऱ्याविषयी, म्हणजे मुख्यतः कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस या किडीविषयी आहे. शेतात चवळीवर येणारा मावा, फुलकिडे आणि शेंगा पोखरणारी मारुका अळी यांना होणारा प्रतिकार वेगळ्या कारणांनी येतो व त्याची चाचणीही वेगळी असते. भुंगेऱ्याला दाद न देणारे वाण माव्याने खाऊन टाकलेले दिसले, तर त्यात विसंगती काहीच नाही.

टप्पा १: बी गोळा करणे, झाड हे एकक धरून

कोकणात भात काढल्यावर उरलेल्या ओलाव्यावर घेतली जाणारी चवळी, गोव्यातील मोठ्या दाण्याचे अळसांदे, घाटावर बाजरीत मिसळून पेरलेली लहान दाण्याची चवळी ही सगळी एकाच पिकाची रूपे आहेत. मात्र ‘गावरान चवळी’ या एकाच नावाखाली दहा गावांत दहा निरनिराळी वाणे सापडू शकतात आणि दहा नावांखाली एकच वाणही सापडू शकते. नावावर विसंबून विविधता मोजू नये.

चवळी हे स्वपरागित पीक आहे. त्यामुळे गावरान वाण म्हणजे बहुधा आपापल्या गुणांत स्थिर झालेल्या अनेक ओळींचे मिश्रण असते. समजा, शंभरांतील पाच झाडांत प्रतिकार आहे. सगळ्या झाडांचे बी एकत्र करून चाचणी घेतली, तर उरलेल्या पंचाण्णवांचाच निकाल दिसेल आणि ती पाच झाडे कायमची हरवतील. सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे, आणि पुढे कितीही काटेकोर मोजणी केली तरी ती दुरुस्त होत नाही.

म्हणून एका शेतातून किमान ५९ झाडांचे बी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घ्यावे. हा आकडा मनाने ठरवलेला नाही. पाच टक्के झाडांत असलेला गुण आपल्या नमुन्यात किमान एकदा तरी येण्याची शक्यता ९५ टक्के असावी, असे गणित मांडले की ५९ हे उत्तर मिळते. गुण एक टक्का झाडांतच असेल तर हाच आकडा २९९ वर जातो. इतकी झाडे घेणे शक्य नसेल तर घेऊ नयेत, पण अहवालात ‘या गावात प्रतिकार नाही’ असे लिहू नये. ‘इतक्या झाडांत आढळला नाही’ एवढेच लिहावे. झाडे निवडताना नजरेला चांगली दिसणारीच घेण्याचा मोह टाळावा. दर ठरावीक पावलांवर येईल ते झाड घ्यावे.

पेटीतले एकत्र बीच हाती आले, तर ते पेरून एकेक झाड स्वतंत्र काढावे. एक हंगाम जातो, पण दुसरा मार्ग नाही.

प्रत्येक पाकिटावर गाव, शेताची उंची व जमीन, पेरणीचा महिना, दाण्याचा रंग व दाण्यावरील डोळ्याचा (ठिपक्याचा) रंग, शंभर दाण्यांचे वजन आणि बी घरात कसे साठवले होते या नोंदी असाव्यात. शेतकऱ्याची संमतीही लेखी घ्यावी, कारण वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले वाण नोंदवण्याचा हक्क आहे. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्या वाणाचा उल्लेख असल्यास तोही टिपावा.

*सावधान:* घरोघरी चवळीला राख, माती, एरंडेल किंवा बोरिक पावडर लावून ठेवतात, काहीजण कडुनिंबाचा पाला घालतात. असे बी थेट चाचणीत घेतले तर भुंगेरा मरतो आणि श्रेय वाणाला मिळते. बी धुऊन हा दोष जात नाही. धुण्याने ओलावा वाढतो, साल सैल होते आणि नवा दोष येतो.

टप्पा २: सर्व नमुने एकाच शेतात वाढवणे आणि बी निर्जंतुक नव्हे, निष्कीटक करणे

वरील कारणासाठी, तसेच प्रत्येक बियाण्याचे वय आणि ओलावा सारखा असावा यासाठी, सर्व नमुने एकाच शेतात एकाच हंगामात पेरून त्यांचे ताजे बी चाचणीला वापरावे. माव्यासाठी फवारणी करणे भाग पडले तर सर्व ओळींवर एकाच दिवशी आणि शेंगा धरण्यापूर्वी करावी.

भुंगेऱ्याची मादी शेतातच पक्व होत आलेल्या शेंगांवर अंडी घालते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही अळी असू शकते. शेंगा वाळताच तोडाव्यात, हाताने सोलाव्यात, आणि बी सुमारे १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून बंद पिशवीत उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला सात दिवस ठेवावे. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी, नाहीतर हवेतील बाष्प थंड दाण्यांवर जमते. ओले बी गोठवले तर अंकुर मरतो, म्हणून गोठवण्याआधी ओलावा मोजणे टाळू नये. नंतर चाचणीच्या खोलीत दोन आठवडे उघड्या जाळीच्या पिशव्यांत बी मुरू द्यावे, म्हणजे सर्व नमुन्यांचा ओलावा एका पातळीवर येतो. अधिक कोरड्या दाण्यात अळी सावकाश वाढते, आणि ही गोष्ट प्रतिकारासारखीच दिसते.

धुरीकरण मात्र करू नये. उरलेल्या औषधाचा अंश चाचणीचे सारे निष्कर्ष संशयास्पद करतो.

प्रत्येक ओळीचे निम्मे बी चाचणीपूर्वीच वेगळे काढून हवाबंद डब्यात राखीव ठेवावे. चाचणीत बी संपते. राखीव नसेल तर ज्या ओळीत प्रतिकार सापडला तीच ओळ हातातून जाते.

*तपासा:* प्रत्येक ओळीचे ५० दाणे भुंगेरे न सोडता बरणीत ४५ दिवस ठेवावेत. त्यातून एकही भुंगेरा निघाला, तर त्या ओळीचे सर्व आकडे रद्द समजावेत. गोठवलेल्या बियाण्याची उगवणही न गोठवलेल्या थोड्या बियाण्याशी ताडून पाहावी.

टप्पा ३: भुंगेऱ्यांची पैदास

बाजारातून किडकी चवळी आणून त्यातले भुंगेरे सरळ बरण्यांत सोडणे ही दुसरी मोठी चूक. अशा मालात कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस आणि कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस या दोन्ही जाती एकत्र असू शकतात. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात, आणि तेवढ्या खुणेवरून साध्या भिंगाखालीही वेगळेपण कळते. एका जातीला होणारा प्रतिकार दुसऱ्या जातीलाही होईलच असे नाही. म्हणून एका चाचणीत एकच जात.

निवडलेली जात एकाच, चाचणीत नसलेल्या आणि भुंगेऱ्याला सहज बळी पडणाऱ्या चवळीवर चार-पाच पिढ्या वाढवावी. सुरुवात दोन-चार जोड्यांपासून न करता शंभरएक भुंगेऱ्यांपासून करावी. अगदी थोड्या जोड्यांची संतती आपसांत वाढत गेली तर ती दुर्बल होते, आणि दुर्बल किडीपुढे कोणतेही वाण बलवान ठरते. विविधतेचा विचार आपण पिकाच्या बाजूने सदैव करतो, किडीच्या बाजूने करायला विसरतो.

खोलीचे तापमान २७ ते ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. आर्द्रतामापक बरोबर आहे का, हे घरच्या मिठाने तपासता येते: मिठात थोडे पाणी घालून ओलसर लगदा करावा, तो मापकासह बंद डब्यात काही तास ठेवावा, मापकाने ७५ टक्क्यांच्या जवळचा आकडा दाखवायला हवा. या वातावरणात अंडे पाच-सहा दिवसांत फुटते, अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि सुमारे २५ ते ३० दिवसांत प्रौढ भुंगेरा सालीत गोल भोक पाडून बाहेर येतो. प्रौढाला खायला लागत नाही. तो एक-दोन आठवडे जगतो, आणि मादी आपली बहुतेक अंडी पहिल्या काही दिवसांतच घालते. म्हणून चाचणीला चोवीस तासांच्या आतले भुंगेरेच वापरावेत. त्यांसाठी सालीवर अर्धपारदर्शक गोल ‘खिडकी’ दिसू लागलेले दाणे वेगळ्या बरणीत काढून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेले घ्यावेत.

मादी ओळखण्यासाठी तिच्या पोटाचे शेवटचे, पंखांबाहेर दिसणारे टोक पाहावे. मॅक्युलेटसच्या मादीत ते गडद असून त्याच्या मध्यातून फिकी पट्टी जाते. नरात ते फिके असते.

*सावधान:* पैदास बरणीत दाटी झाली की याच जातीत उडणारे, चपळ रूप तयार होते आणि त्याच्या माद्या बऱ्याच कमी अंडी घालतात. बरणी उघडताच उडू पाहणारे भुंगेरे चाचणीत घेऊ नयेत. बरण्यांत दिनार्मस जातीची बारीक काळपट गांधीलमाशी शिरली तर ती दाण्यातल्या अळ्यांवर वाढते आणि भुंगेऱ्यांची संख्या घटवते. शेतात ती आपली मित्र असली तरी प्रयोगात तिच्यामुळे निकाल खोटा ठरतो. म्हणून झाकणाला मलमल बांधावी, साधी जाळी पुरत नाही.

टप्पा ४: चाचणी मांडणे

दोन प्रकारच्या चाचण्या प्रचलित आहेत. पहिलीत सर्व वाणांचे दाणे एका ताटात मांडून भुंगेऱ्यांना निवड करू देतात. दुसरीत प्रत्येक वाण स्वतंत्र बरणीत ठेवून भुंगेऱ्यांपुढे दुसरा पर्यायच ठेवत नाहीत. अनेकजण सोयीची म्हणून पहिली चाचणी घेतात आणि तिच्यात कमी अंडी मिळालेले वाण प्रतिकारक्षम ठरवतात. गुळगुळीत सालीचा दाणा जवळच असेल तर मादी खडबडीत दाण्याकडे पाठ फिरवते, हे खरे. पण शेतकऱ्याच्या डब्यात एकच वाण असते. तेथे मादीला निवड करण्याची संधी नसते आणि ती त्याच खडबडीत दाण्यावर अंडी घालते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: निर्णय पर्याय नसलेल्या चाचणीवरच घ्यावा.

पहिली फेरी गाळण्यासाठी असते. प्रत्येक ओळीचे २० दाणे दोन बरण्यांत पुरेत. दुसऱ्या फेरीत उरलेल्या ओळींचे ४० दाणे पाच बरण्यांत घ्यावेत. दाणे अखंड, भोक व भेग नसलेले हवेत, आणि प्रत्येक बरणीतील दाण्यांचे आरंभीचे वजन मिलिग्रॅमपर्यंत नोंदवावे. बरण्यांना वाणाचे नाव न देता सांकेतिक क्रमांक द्यावेत. ज्याला नाव माहीत आहे तो नकळत मोजणीत झुकतो, मग तो कितीही प्रामाणिक असो. फडताळावरील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, कारण वरच्या फळीवर उष्णता जास्त असते.

दर दहा ओळींमागे सहज बळी पडणारे एक तुलनेचे वाण ठेवावे. त्याच्यावाचून चाचणीला अर्थ नाही.

किती जोड्या सोडायच्या हे आधी तुलनेच्या वाणावर छोटी चाचणी घेऊन ठरवावे. चोवीस तासांत दर दाण्यामागे सरासरी एक ते दीड अंडे पडेल इतक्याच जोड्या घ्याव्यात. चोवीस तासांनी सर्व भुंगेरे काढावेत, आणि एखाद्या दाण्यावर दोनपेक्षा अधिक अंडी असतील तर जादा अंडी सुईने अलगद खरवडावीत. एका दाण्यात पाच-सहा अळ्या शिरल्या की अन्नासाठी त्या एकमेकींचा बळी घेतात. बाहेर एखाद-दुसराच भुंगेरा येतो आणि पाहणाऱ्याला वाटते की दाण्याने अळ्या मारल्या. पाच जोड्या सोडून त्या मरेपर्यंत तशाच ठेवणाऱ्यांचे निकाल हमखास असे फसवे निघतात.

*तपासा:* आठव्या-नवव्या दिवशी भिंगाखाली अंडी पुन्हा पाहावीत. फुटलेले अंडे अळीच्या भुशाने भरून पांढरे, अपारदर्शक दिसते; न फुटलेले काचेसारखे राहते. पुढील सर्व हिशोब फुटलेल्या अंड्यांवर करायचा आहे, घातलेल्या अंड्यांवर नाही.

टप्पा ५: मोजणी, आणि ती साठाव्या दिवसापर्यंत

विसाव्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी बाहेर पडलेले भुंगेरे मोजून काढून टाकावेत. एक दिवस जरी चुकला तरी नवी पिढी अंडी घालते आणि दोन पिढ्यांचे आकडे मिसळतात.

मोजणी किती दिवस चालू ठेवायची, यावर सारे अवलंबून आहे. नायजेरियातील इबादान येथे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल ॲग्रिकल्चर या संस्थेत चवळीचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे. १९७० च्या दशकात त्यातील हजारो नमुने भुंगेऱ्यासाठी तपासले गेले तेव्हा टीव्हीयू २०२७ हा नमुना हाती लागला. त्याचा प्रतिकार संपूर्ण नाही. त्यात बऱ्याच अळ्या मरतात आणि ज्या जगतात त्या फार उशिरा, विस्कळीतपणे बाहेर येतात. अशा वाणाची मोजणी पस्तिसाव्या दिवशी थांबवली तर ‘पूर्ण प्रतिकार’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आणि केवळ एकूण भुंगेऱ्यांकडे पाहिले, वेळेकडे पाहिले नाही, तर खरा उपयुक्त गुण नजरेतून सुटतो. डब्यात पिढी लांबली की वर्षभरात होणाऱ्या पिढ्यांची संख्या घटते आणि नुकसान कितीतरी पटींनी कमी होते. म्हणून मोजणी साठ दिवस करावी.

प्रत्येक बरणीसाठी तीन आकडे काढावेत. पहिला, फुटलेल्या शंभर अंड्यांमागे बाहेर आलेले भुंगेरे. दुसरा, वाढीचा कालावधी, म्हणजे अंडी घातल्यापासून निम्मे भुंगेरे बाहेर पडेपर्यंतचे दिवस. तिसरा, दाण्यांच्या वजनातील घट. पहिले दोन गुण एकत्र पाहण्यासाठी डोबी निर्देशांक वापरतात: एकूण भुंगेऱ्यांच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला वाढीच्या कालावधीने भागून शंभराने गुणावे. तुलनेच्या वाणात ६० फुटलेल्या अंड्यांतून ५४ भुंगेरे निघाले आणि कालावधी २५ दिवस असेल तर निर्देशांक सुमारे १६ येतो. दुसऱ्या एका ओळीत तितक्याच अंड्यांतून १२ भुंगेरे आणि ३८ दिवस असतील तर तो सुमारे ६.५ येतो. फरक ठळक आहे.

या निर्देशांकात एक सापळा आहे. अंडीच कमी पडली तर भुंगेरे कमी निघतात आणि निर्देशांक आपोआप उतरतो. म्हणून तो एकटा कधीही देऊ नये. शेजारी फुटलेल्या अंड्यांचा आकडा असलाच पाहिजे. अगदी बारीक दाण्याच्या ओळींत भुंगेरे कमी निघाले तर त्यांचे वजनही पाहावे. अपुऱ्या अन्नामुळे खुजे राहिलेले भुंगेरे आणि दाण्यातील प्रथिनांमुळे मेलेल्या अळ्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

*तपासा:* तुलनेच्या वाणात फुटलेल्या अंड्यांपैकी ८० टक्क्यांहून कमी भुंगेरे बाहेर आले, तर मी त्याच्यासोबत तपासलेल्या ओळींच्या सर्व बरण्या रद्द करतो. चांगला निकाल हाती आलेला असताना हे करणे जड जाते, तरीही करावे.

टप्पा ६: सापडलेला प्रतिकार पुन्हा सिद्ध करणे

पहिल्या फेरीत ज्या ओळींतून तुलनेच्या वाणापेक्षा निम्म्याहून कमी भुंगेरे आले किंवा ज्यांत कालावधी पाच दिवसांहून अधिक लांबला, त्या सर्व पुढे न्याव्यात. येथे उदार राहिलेले बरे. दुसरी फेरी वेगळ्या हंगामात पिकवलेल्या बियाण्यावर घ्यावी.

तिसरी फेरी वेगळ्या गावांतून आणलेल्या भुंगेऱ्यांवर घ्यावी आणि ती वगळू नये. टीव्हीयू २०२७ च्या बाबतीत निरनिराळ्या ठिकाणच्या भुंगेऱ्यांवर परिणाम सारखा दिसला नाही, आणि प्रयोगशाळेत त्याच दाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर कीड त्यांना सरावली. किडीतही विविधता असते आणि एकाच प्रकारच्या प्रतिकारावर विसंबलेले वाण तिच्यापुढे फार टिकत नाही. म्हणून दोन-तीन निरनिराळ्या गावांतून आलेल्या, दाण्यांची रूपे वेगळी असलेल्या प्रतिकारक्षम ओळी हाताशी असाव्यात. संग्रहातील विविधतेचा खरा उपयोग येथे होतो.

घेवड्याच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. मेक्सिकोतील रानटी घेवड्यात सापडलेले आर्सेलिन हे प्रथिन झाब्रोटीस या भुंगेऱ्याला रोखते, पण घेवड्यावरच्याच अकँथोसेलिडीस या दुसऱ्या भुंगेऱ्याविरुद्ध ते तितके भरवशाचे नाही. एका किडीवरचा निकाल दुसरीला लावता येत नाही.

टप्पा ७: जनक निवडणे आणि संकर

‘डीएनए चाचणीत जास्तीत जास्त दूर असलेले दोन जनक घ्यावेत’ असा सल्ला सर्रास दिला जातो. अंतर उपयोगी आहे, पण ते पहिली अट नव्हे. एक जनक प्रतिकारक्षम असावा आणि दुसरा तुमच्या भागात चांगला पिकणारा, लोकांना खायला आवडणारा असावा. अशा जोड्या अनेक असतील तरच त्यांतून अधिक अंतराची जोडी निवडावी.

चवळीच्या फुलातील परागकोश फूल उमलण्याआधीच रात्री फुटतात आणि फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते. त्यामुळे मादी जनकाच्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी उघडून चिमट्याने दहाही पुंकेसर काढावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर जनकाच्या ताज्या फुलातील पराग कुक्षीवर लावावा. त्याच दांड्यावरील इतर कळ्या व कोवळ्या शेंगा काढून टाकाव्यात, नाहीतर संकरित शेंग गळते. मादीला दोरा बांधून तारीख लिहावी. कुक्षीला नख लागले की फूल गळतेच. घाईने वीस फुले करण्यापेक्षा सावकाश पाच करावीत.

*तपासा:* फुलाचा, खोडाचा किंवा दाण्याचा रंग यांपैकी एखादा प्रभावी गुण नर जनकात असेल असे पाहावे. पहिल्या पिढीचे झाड त्या गुणाने ओळखता येते. तो दिसला नाही तर ते स्वपरागणाचे झाड आहे; उपटून टाकावे.

टप्पा ८: पिढ्यांचा हिशोब

सर्वांत अधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाण्याची साल ही मातेच्या ऊतीची असते. आतली दले पुढच्या पिढीची असतात. संकर केलेल्या फुलातील दाण्याची साल पूर्णपणे मादी जनकाची असते. पहिल्या पिढीच्या झाडावर धरलेल्या दाण्यांतील दले दुसऱ्या पिढीची असतात, जरी ते बी पहिल्या पिढीच्या झाडावरचे असले तरी. पाकिटावर पिढी लिहिताना दलांची पिढी लिहावी. दोन्ही दिशांनी (एकदा एक जनक मादी, एकदा दुसरा) संकर करून पाहिल्याखेरीज प्रतिकार सालीत आहे की दलांत, हे ठरवू नये.

टीव्हीयू २०२७ मधील प्रतिकार दोन अप्रभावी (दोन्ही जनकांकडून आली तरच परिणाम दाखवणाऱ्या) जनुकांमुळे येतो, असे संशोधनात दिसले आहे. अशा वेळी पहिल्या पिढीत प्रतिकार दिसणारच नाही. ते पाहून संकर टाकून देऊ नये. दुसऱ्या पिढीत सोळांतील एक झाड दोन्ही जनुकांत प्रतिकारक्षम असेल. असे एक तरी झाड ९५ टक्के खात्रीने मिळावे यासाठी किमान ४७, आणि ९९ टक्के खात्रीसाठी ७२ झाडे लागतात. मी दोनशेहून कमी कधीच सुचवत नाही, कारण एका झाडातून निवड करता येत नाही. दाणा, उत्पादन, झाडाची ठेवण हेही पाहायचे असते.

दुसऱ्या पिढीच्या एकेका दाण्यावर एकेक अंडे ठेवून, वाचलेले दाणे पेरण्याची पद्धत आकर्षक वाटते. तिचा हिशोब करून पाहावा. दोनशे दाण्यांत खरे प्रतिकारक्षम सुमारे १२. उरलेल्या १८८ दाण्यांतील दहा टक्के अळ्या, निव्वळ नैसर्गिक कारणांनी मरतात असे धरले तर आणखी १९ दाणे ‘वाचतात’. म्हणजे वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दाणे खोटे. शिवाय प्रतिकार अपूर्ण असल्याने खऱ्यांतलेही काही दाणे पोखरले जाऊन सुटतात. म्हणून दुसऱ्या पिढीचे दाणे न निवडता पेरावेत, प्रत्येक झाडाचे बी स्वतंत्र काढावे आणि त्या बियाण्याचे ४० दाणे टप्पा ४ प्रमाणे तपासावेत. एका झाडाच्या चाळीस दाण्यांचा निकाल योगायोगावर राहत नाही.

प्रतिसंकर करताना, म्हणजे संकरित झाडाचा स्थानिक जनकाशी पुन्हा संकर करताना, हेच लक्षात ठेवावे. स्थानिक वाणाशी प्रत्येक प्रतिसंकरात दात्याचा (प्रतिकारक्षम जनकाचा) वाटा सरासरीने निम्मा होतो: पहिल्यानंतर २५ टक्के, दुसऱ्यानंतर १२.५ टक्के. पण अप्रभावी जनुके प्रतिसंकरात झाकलेलीच राहतात. पहिल्या प्रतिसंकराच्या झाडांपैकी चारांतील एकच दोन्ही जनुके वाहून नेते, म्हणून किमान ११ झाडे ठेवावीत, प्रत्येकाचे स्वपरागित बी पेरावे, त्या झाडांवरील बी तपासावे, आणि ज्या कुळात प्रतिकार फुटून दिसतो त्यातूनच पुढचा प्रतिसंकर करावा. ही मधली स्वपरागणाची पिढी वेळ वाचवण्यासाठी गाळली, तर तिसऱ्या प्रतिसंकराच्या शेवटी सुंदर स्थानिक वाण हाती येते आणि त्यात बहुधा प्रतिकाराचे एकही जनुक नसते.

स्थिर झालेल्या तीन-चार ओळी पावसाळ्याच्या तोंडावर, ज्यांच्याकडून मूळ बी आले त्यांच्याच घरी, त्यांच्याच डब्यांत, राख-तेल न लावता ठेवाव्यात. शेजारी त्यांचे नेहमीचे वाणही ठेवावे. दिवाळीनंतर डबे उघडावेत, शंभर दाण्यांतील भोके असलेले दाणे मोजावेत, आणि उरलेली चवळी त्या घरात उसळीसाठी शिजायला द्यावी. किती वेळात शिजली आणि चव कशी होती, हे त्याच वहीत, भुंगेऱ्यांच्या आकड्यांशेजारी लिहावे.